रिपोर्टवर नॉर्मल छापलंय, पण ते तुमच्या वडिलांचं नॉर्मल नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडील ५८ वर्षांचे, तासगाव भागात द्राक्षबाग, चौदा महिन्यांपूर्वी अटॅक येऊन हृदयाच्या नळीत एक स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी टाकली, शुगर आधीपासून आहे. आता काहीच त्रास नाही, बागेत दिवसभर काम करतात. परवाच्या तपासणीत एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ८८, ओपीडीत बीपी १४६/८८, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीएवनसी ७.९. कोलेस्टेरॉलसाठी अटोरवास्टॅटिन २० चालू आहे. विडी सोडली पण तंबाखू-चुना सुटलेला नाही. जवळच्या डॉक्टरांनी फाईल बघून सांगितलं की सगळं ठीक आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी सांगितलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीनं लिव्हर खराब होतं, आता वर्ष झालं तर बंद करा. तुम्ही विचारताय की गोळ्या कमी करता येतील का.

उत्तर आधीच देतो, नाही, उलट एकदोन वाढवाव्या लागतील, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या कारण ते वडिलांना तुम्हालाच समजावून सांगायचंय.

मी सांगली-मिरजेत बावीस वर्षं हृदयरोगाची ओपीडी बघतोय. एवढ्या वर्षांत अँजिओप्लास्टी झालेला माणूस दुसऱ्या अटॅकनं परत येतो तेव्हा मी जुनी फाईल उघडून मागची पानं बघतो, आणि बहुतेक वेळा दिसतं ते एकच. आकडे दर वेळी लिहिलेले असतात. बीपी १४८, पुढच्या वेळी १४४, पुढच्या वेळी १५०, एलडीएल ९२, मग ९६, आणि प्रत्येक पानावर खाली लिहिलेलं असतं की औषधं तीच चालू. म्हणजे मोजलं सगळ्यांनी, बदललं कुणीच काही नाही. यात कुणा एका डॉक्टरची चूक आहे असं मी म्हणत नाही. सकाळच्या ओपीडीत सत्तर-ऐंशी पेशंट असतात, समोरचा माणूस हसत येतो, "डॉक्टर, एकदम बेस हाय, कायबी त्रास न्हाई" म्हणतो, मग हात आपोआप "तेच चालू" लिहितो. माझ्या हातूनही हे झालंय आणि त्यातले काही पेशंट मला अजून आठवतात.

स्टेंटनं काय केलं ते बघा. हृदयाच्या तीन मुख्य नळ्या, त्यातल्या एका नळीत वीस-पंचवीस मिलिमीटरची एक जागा उघडली. तुम्हाला ठिबक माहितीये, एका ड्रिपरमधला क्षार काढला म्हणून अख्ख्या लॅटरल नळीतला क्षार जात नाही, पाण्यातच क्षार असेल तर पुढच्या ड्रिपरवर बसणारच. तसंच आहे हे. उरलेल्या नळ्यांत ३० टक्के, ४० टक्के अडथळा करणारे जे बारीक थर साचलेत त्यांना कुणी हात लावलेला नाही, आणि अटॅक पुष्कळदा अशा बारीक थराचं वरचं आवरण फाटून त्यावर रक्ताची गाठ बसल्यानंच येतो. त्रास होत नाही याचा अर्थ उघडलेली जागा उघडी आहे एवढाच. बाकीच्या नळ्यांत काय चाललंय ते आकड्यांवरनंच कळतं, अंगात किती ताकद वाटते त्यावरनं नाही.

आता एलडीएल. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जे छापलेलं असतं, १०० च्या खाली चांगलं वगैरे, ते ज्याला काहीच आजार नाही अशा माणसासाठीचं आहे. ज्याला अटॅक येऊन गेला त्याचं एलडीएल ५५ च्या खाली पाहिजे, हे युरोपच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये लिहिलं, आणि आपल्याकडच्या लिपिड असोसिएशन ऑफ इंडियानं तर ५० च्या खाली सांगितलंय, कारण आपल्या लोकांना हा आजार लवकर धरतो. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात जगातल्या बाकी लोकांच्या मानानं दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक पाच-सहा वर्षं आधी येताना दिसला. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की अटॅकच्या धोक्याचा नव्वद टक्के भाग नऊच गोष्टींत आहे, त्यातल्या बहुतेक आपल्या हातातल्या आहेत, तंबाखू, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं न खाणं, चालणं नसणं.

म्हणजे वडिलांचं ८८ हे त्यांच्यासाठी जास्त आहे. इथे एक गंमत नाही तर एक गणित आहे जे खूप कमी लोकांना माहीत असतं. स्टॅटिनचा, म्हणजे अटोरवास्टॅटिनसारख्या गोळीचा, डोस दुप्पट केला की एलडीएल दुप्पट उतरत नाही, आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणजे २० चं ४० केलं तर ८८ चं ८३ होईल, ८० केलं तर ७८. पण त्याच्या जोडीला इझेटिमाइब १० नावाची साधी गोळी दिली, जी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, तर त्यावरून आणखी वीस टक्के उतरतं. त्यामुळे माझ्याकडे असा पेशंट आला की मी त्याच दिवशी दोन्ही करतो, स्टॅटिन जोरदार डोसवर, म्हणजे अटोरवास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४०, आणि सोबत इझेटिमाइब. किडनी नाजूक असेल किंवा वय फार असेल तर डोस बघून. सहा-आठ आठवड्यांनी परत तपासायचं. उपाशीपोटी यायची गरज नाही, जेवून तपासलं तरी एलडीएलमध्ये फारसा फरक पडत नाही, फक्त ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी खूप वाढलेली असेल तर उपाशीपोटी परत करायचं. एवढं करून साठीच्या आसपास अडकलं तर बेम्पेडोइक ॲसिड ही तिसरी गोळी आहे, आणि त्यानंही नाही झालं तर इंजेक्शनं आहेत, त्यातलं एक तर सुरुवातीच्या डोसनंतर वर्षातून दोनदाच घ्यायचं असतं, पण ती महाग आहेत म्हणून गोळ्या पूर्ण वापरल्याशिवाय तिकडे मी जात नाही. रोसुवास्टॅटिन, अटोरवास्टॅटिन या सगळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात, त्या घ्यायला काही हरकत नाही, माझे निम्मे पेशंट तिथूनच घेतात.

एलडीएल साधारण ३९ नं खाली आलं तर अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना पाचातली एक कमी होते, लाखाहून जास्त लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून काढलेला हा आकडा आहे. १९९४ मध्ये पहिली मोठी चाचणी आली ती बरोबर तुमच्या वडिलांसारख्या माणसांची, आधी हृदयाचा त्रास झालेली ४,४४४ माणसं, आणि स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू तीस टक्क्यांनी कमी. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, आणि आजही पाहुणे सांगतात गोळी बंद करा.

पाहुण्यांच्या शंकेला उत्तर देतो, कारण शंका खोटी म्हणून झटकून टाकली की माणूस गुपचूप गोळी बंद करतो आणि आपल्याला सांगत नाही. लिव्हरचं एंझाइम थोडं वाढतं काही जणांत, एकदा तपासून बघायचं, तिप्पटीच्या वर गेलं तरच विचार करायचा, खरंखुरं लिव्हर खराब होणं फार दुर्मिळ आहे. साखर किंचित वाढते हे खरं आहे, पण ज्याला अटॅक येऊन गेलाय त्याला त्या किंचित वाढीच्या बदल्यात मिळणारा फायदा कितीतरी मोठा आहे. अंगदुखीचं म्हणाल तर २०२० मध्ये इंग्लंडात एक छान प्रयोग झाला, अंगदुखीमुळे गोळी सोडलेल्या साठ लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. औषध नसलेल्या गोळीनंही जवळजवळ तितकंच अंग दुखलं, म्हणजे त्रासातला नव्वद टक्के भाग गोळी घेतोय या भीतीचा होता. तरी मी पेशंटला तुझ्या मनाचं आहे असं कधीच म्हणत नाही, दुखणं खरंच असतं, थायरॉइड आणि डी जीवनसत्त्व तपासतो, सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी बघतो, दोन आठवडे थांबवून दुसरं स्टॅटिन कमी डोसनं चालू करतो. बहुतेकांना कुठलं ना कुठलं तरी सोसतं. लघवी गडद लाल-काळी झाली आणि अंग फार दुखतंय तर मात्र गोळी थांबवून लगेच दाखवायचं.

आता रक्त पातळ करायच्या गोळ्यांची एकत्र कॅप्सूल. यावर थोडं थांबतो कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. अटॅकनंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या देतात, ॲस्पिरिन ७५ आणि त्यासोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. साधारण वर्षभर दोन्ही, आणि मग बहुतेकांची दुसरी बंद करून ॲस्पिरिन एकटी कायम ठेवतात. आपल्याकडे सोयीसाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये येतं. वर्ष झालं, डॉक्टर म्हणाले रक्त पातळ करायची एक बंद करा, पेशंट घरी जाऊन ती कॅप्सूलच बंद करतो, आणि त्या कॅप्सूलबरोबर ॲस्पिरिनही गेली आणि कोलेस्टेरॉलची गोळीही गेली, घरात कुणाला पत्ताच नाही. कवठेमहांकाळकडचे एक काका असेच आठ महिने फक्त बीपीच्या गोळीवर राहिले होते. चौकशी केली तेव्हा म्हणाले, "तुमीच तर बंद करा म्हनलासा." तेव्हापासून मी कॅप्सूल तोडून वेगळ्या गोळ्या लिहितो आणि कुठली बंद, कुठली मरेपर्यंत चालू हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून देतो. तुमच्या वडिलांना चौदा महिने झालेत, म्हणजे नक्की बघा की सध्या कुठली कॅप्सूल चालू आहे आणि त्यात काय काय आहे. स्टॅटिनचा डोस वाढवायचा असेल तर ती कॅप्सूल तोडावीच लागते, कारण तिच्यात डोस ठरलेला असतो, आणि डोस न वाढण्याचं हेही एक साधं कारण आहे की कॅप्सूल सोडायला कुणी तयार नसतं. दुसरी रक्त पातळ करायची गोळी थांबवायची का चालू ठेवायची हे ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना विचारूनच ठरवा, काहींना स्टेंट कुठे आणि किती यावर जास्त दिवस लागते. दात काढायचाय म्हणून दाताच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका, एक फोन करा.

बीपी १४६/८८ हे एकदाच मोजलेलं आहे, त्यामुळे लगेच घाबरू नका पण सोडूनही देऊ नका. ओपीडीत कसं मोजतात ते मी रोज बघतो, माणूस एसटीतून उतरून, कोपऱ्यावर चहा पिऊन, जिना चढून आलेला असतो, शर्टाची बाही गुंडाळून दंडाला फास बसलेला, पाय लोंबकळत, आणि मोजताना आम्ही बोलत असतो. अशानं पाच-दहानं सहज जास्त येतं. म्हणून घरी दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, उघड्या दंडावर पट्टा, बोलायचं नाही. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि तो कागद घेऊन जा. ती सरासरी १३०/८० च्या आत पाहिजे, सोसत असेल तर. जास्त निघाली तर एकाच गोळीचा डोस रेटत नेण्यापेक्षा दोन वेगळ्या जातीच्या गोळ्या थोड्या थोड्या डोसात चांगलं काम करतात. अम्लोडिपिननं घोट्याला सूज येते, लोक घाबरतात किडनी गेली म्हणून, तसं नसतं, पण सांगा म्हणजे बदलता येतं. रॅमिप्रिलनं कोरडा खोकला येतो तर त्याऐवजी टेलमिसार्टन चालतं. मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी असेल तर ती एकदम कधीच सोडायची नाही, छातीत दुखणं उसळून येतं. आणि उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगायचं, आकडा गाठायच्या नादात माणूस पडला तर काय उपयोग.

गुडघ्याच्या गोळ्या. हे कुणीही विचारत नाही म्हणून मीच विचारतो. बागायतदाराचे गुडघे-कंबर दुखणारच, मेडिकलमध्ये जाऊन डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन घेतात, छाटणीच्या हंगामात तर रोज. या गोळ्या बीपी वाढवतात, अंगात पाणी धरतात, अटॅकचा धोका वाढवतात, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आड येतं. माझ्याकडे बीपी कशानंच उतरत नाही म्हणून आलेल्यांत दर महिन्याला एक तरी असा निघतो. दुखलं तर पॅरासिटामोल, शेक, मलम. बाजारात मिळणाऱ्या पुड्या, ज्यांनी दोन दिवसांत गुडघा पळायला लागतो, त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते, त्या अजिबात नकोत.

साखर ७.९. त्यांच्या वयाला सात किंवा त्याखाली ठीक, साखर एकदम कमी होणार नाही अशा पद्धतीनं. पण ज्याला हृदयाचा आजार आहे त्याच्या शुगरच्या गोळीचं काम साखर उतरवण्यापुरतं नसतं. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी आली, आधीच हृदयरोग असलेल्या मधुमेहींत हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले, साखर तर त्यात थोडीशीच उतरली होती. डापाग्लिफ्लोझिनही त्याच जातीची, पेटंट संपल्यामुळे आता परवडणारी झाली आहे. म्हणून वडिलांच्या यादीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एवढंच असेल तर यातली एक घालता येईल का हे विचारा. या गोळीनं लघवीतून साखर जाते, त्यामुळे लघवीच्या जागी खाज-बुरशी होऊ शकते, लघवीनंतर पाण्यानं स्वच्छ धुवायचं, पाणी पुरेसं प्यायचं. उलट्या-जुलाब लागले, ताप आला, किंवा कडक उपवास धरला तर त्या दिवसांपुरती ती थांबवायची. आपल्याकडे एकादशी, नवरात्र, पंढरीची पायी दिंडी हे सगळं असतं, मी उपवास करू नका म्हणून सांगत बसत नाही कारण ते करणारच, पण उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडचं काय करायचं आणि या गोळीचं काय करायचं हे आधी विचारून ठेवा, आणि साबुदाणा-वरई-बटाटा खाऊन साखर उपवासाला चढते हेही लक्षात असू द्या.

गूळ चालतो ना, असं मला आठवड्यातून दहा जण विचारतात. सांगलीची माणसं गुळावर वाढलेली, आणि बेदाणा तर घरच्या शेडमधला. गुळानं साखर साखरेइतकीच वाढते. बेदाणे म्हणजे पाणी काढलेली द्राक्षं, मूठभर तोंडात टाकले की झालंच. ताजी दहा-बारा द्राक्षं जेवणानंतर न घेता मधल्या वेळी खाल्ली तर मी रागवत नाही, घरच्या बागेत राहून एकही द्राक्ष खाऊ नका हे सांगणं मला जमत नाही आणि कुणी पाळतही नाही.

जेवणात मी दोनच गोष्टींच्या मागे लागतो. मीठ आणि तेल. मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात भाजी, भाकरी, खर्डा, पापड, लोणचं, संध्याकाळचं भडंग सगळं आलं. भाजीतलं मीठ एकट्या वडिलांसाठी कमी करू नका, सगळ्या घराचं करा, महिन्याभरात जिभेला सवय होते. सैंधव, काळं मीठ हेही मीठच आहे. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ पोटॅशियमचं असतं, टेलमिसार्टनसारखी गोळी चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर विचारल्याशिवाय नको. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास, शेंगतेल चालतं, पण घरात चार माणसं आणि महिन्याला पाच लिटरचा डबा संपतोय तर कुठलं तेल हा प्रश्नच नाही. ढाब्यावर गेलात तर अख्खा मसूर मागवा की, डाळ चांगलीच आहे, फक्त वरचा तेलाचा तवंग बाजूला काढा. मटण महिन्यातून एकदोनदा, रस्सा कमी. पोटाचा घेर नव्वद सेंटिमीटरच्या आत आणायचा, बेंबीवरून टेपनं मोजा, वजनकाट्यापेक्षा ते जास्त खरं बोलतं.

लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर-मधाचा काढा घेऊन ब्लॉकेज विरघळतं असा मेसेज तुमच्याकडेही आला असणार. विरघळत नाही. चव म्हणून घेत असतील तर घेऊ देत, मध मोजून, पण गोळ्यांऐवजी नाही. काढ्यावर विश्वास ठेवून गोळ्या सोडलेली माणसं मी आयसीयूत बघितली आहेत.

बागेत काम करतोच की, वेगळं चालायचं कशाला, हेही सगळे म्हणतात. छाटणी म्हणजे एका जागी हात वर करून उभं राहणं आहे, हृदयाला लागतं ते सलग चालणं. आठवड्यात दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, इतक्या वेगानं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सांगलीत लोक सकाळी आमराईत, कृष्णेच्या घाटावर चालतात, तुमच्याकडे बांधाचा रस्ता असेलच. मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी नको, जेवल्यावर लगेच नको. आणि वजनदार क्रेट एकदम झटक्यानं उचलणं तेवढं पोरांवर सोपवा.

तंबाखू. विडी सोडली ही फार मोठी गोष्ट आहे, त्यांना माझ्याकडून शाबासकी सांगा. अटॅकनंतर जे धूम्रपान सोडतात त्यांचा पुढचा मृत्यूचा धोका एक तृतीयांशानं कमी होतो, एवढा फायदा माझ्या बहुतेक गोळ्यांचा नाही. पण चुना-तंबाखूनं हृदयाला काही होत नाही, फक्त तोंडाला होतं, हा समज चुकीचा आहे. निकोटीन रक्तात जातंच, ठोके आणि बीपी वाढतात, इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू खाणाऱ्यांत अटॅकचा धोका दुपटीहून जास्त दिसला. सोडा म्हणून ओरडून कुणी सोडत नाही. मी दिवस ठरवून घेतो, अमावास्या नाहीतर यात्रेनंतरचा सोमवार, पेशंटच दिवस सांगतो. निकोटीनचं च्युइंगम देतो, पण ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नाही, चार-पाचदा चावायचं, झिणझिणलं की गालात ठेवायचं, परत चावायचं. हृदयरोग्याला ते तंबाखूपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. सरकारची मोफत मदत लाईन आहे, १८००-११२-३५६, तिथे बोलायला माणूस मिळतं. पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड, चिडचिड होते, घरच्यांनी त्या दिवसांत भांडण काढू नये. सुटून परत लागली तर परत दिवस ठरवायचा, माझ्या बऱ्याच जणांची तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुटली.

गोळ्या नियमित राहण्याचं एक सांगतो. विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, माझे बरेच पेशंट, दुकान केरळ-तमिळनाडूत, गावी दिवाळीला आणि यात्रेला येतात. तीन महिन्यांच्या गोळ्या संपल्या की तिकडच्या मेडिकलमध्ये हे नाव मिळत नाही, आणि बंद होतात त्या दिवाळीपर्यंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा तर माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, कॅम्पमध्ये कुणाला आपली गोळी कुठली ते सांगता येईना, लाल होती, बारीक होती एवढंच. तेव्हापासून मी सगळ्यांच्या फोनमध्ये चिठ्ठीचा फोटो काढायला लावतो, औषधाचं मूळ नाव आणि डोस दिसेल असा, आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम जादा ठेवायला सांगतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी तपासणी उरकून घ्या, नंतर ते येणार नाहीत हे मला माहितीये. फ्लूची लसही दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घ्या, अटॅक येऊन गेलेल्या माणसाला तिचा खरंच फायदा होतो.

छातीत जड वाटलं, डाव्या हातात-जबड्यात कळ आली, दरदरून घाम सुटला तर गॅस आहे म्हणून सोडा पीत बसायचं नाही. बसून छातीतल्या कळेची सॉर्बिट्रेट गोळी जिभेखाली, पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन, ॲस्पिरिन ३०० चघळायची, ॲलर्जी नसेल तर. मोटारसायकलवर मधे बसवून आणू नका. लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, बीपी कोसळतो, हे विचारायला मुलाला लाज वाटते म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

तर या आठवड्यात सात दिवसांचं बीपी लिहा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, रिकामी सुद्धा, आणि डॉक्टरांना शांतपणे तीन गोष्टी विचारा, वडिलांचं एलडीएल किती असायला पाहिजे, बीपी किती, आणि आज त्यासाठी काय बदलायचं. भांडायला नाही जायचं, बहुतेक डॉक्टरांना असं विचारलेलं आवडतं. दोन महिन्यांनी एलडीएल, किडनीची क्रिएटिनिन तपासणी आणि पोटॅशियम परत करा.

तुमचं स्वतःचंही कोलेस्टेरॉल आणि साखर करून घ्या, वय काहीही असो, आणि एकदाच लायपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी करा, ते आनुवंशिक असतं. आईचा बीपी याच मशीनवर त्याच आठवड्यात मोजा. तुम्ही ओघात लिहिलंय की त्या रोज सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि आपल्या बायका छातीत दुखतंय असं म्हणतच नाहीत, दम लागतो, पाठीत भरून येतं, उमासे येतात एवढंच सांगतात, आणि म्हणून उशिरा येतात. त्यांना कधी असं होतं का, हे वडिलांसमोर नको, एकट्या असताना विचारा.